वैमानिकाचे शिक्षण : एक जमाखर्च

(बी. ए. भाग दोन)

गोंदियाजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहेच. आज तेथे नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट ही वैमानिक घडविणारी संस्था आहे. आमचे गाव त्या धावपट्टीपासून दोन कोसांवर. पावसाळ्यातील ढगाळ दिवस सोडले तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत लहान पांढरी विमाने आमच्या धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालीत असतात. विमान उतरते, चाके टेकतात न टेकतात तोच पुन्हा वर चढते आणि वळसा घेऊन परत येते. लहानपणी आम्ही पोरे त्यांच्यामागे धुऱ्याधुऱ्याने धावत असू. आता धावत नाही. परंतु मान अजूनही वर होते. इतकी वर्षे ही विमाने आमच्या डोक्यावरून जात आहेत, पण त्यांतील एकही विमान आमच्या गावच्या मुलाने वा मुलीने चालविलेले नाही.

माझी धाकटी बहीण यंदा बारावी विज्ञानला आहे. आपल्याला वैमानिक व्हायचे आहे, असे तिने दिवाळीत सर्वांसमक्ष सांगितले. मामा हसले, माय गप्प बसली. बाबूजी हसले नाहीत. ते मला म्हणाले, “तू अर्थशास्त्र शिकून राहिला ना? मग मांड हिशेब. किती लागते, किती मिळते, सांग मले.” घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे कागदावरचे कोणतेही काम आले की ते माझ्याकडे येते. प्रस्तुत लेख म्हणजे तो हिशेबच होय. तो करताना जे समजले ते इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडीत आहे.

प्रथम हे शिक्षण असते तरी कसे, ते पाहू. प्रवासी विमान चालवून त्याचा पगार घ्यावयाचा तर व्यावसायिक वैमानिकाचा परवाना लागतो. त्याला सी. पी. एल. असे म्हणतात. हा परवाना केंद्र सरकारचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. त्यासाठी वय किमान १८ वर्षे हवे, बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय हवेत, वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण व्हावे लागते, विमान-मार्गदर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक विषय यांच्या लेखी परीक्षांत किमान ७० टक्के गुण मिळवावे लागतात आणि एकूण २०० तास उड्डाण करावे लागते. त्यांपैकी १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून. पदवीची अट नाही. हे वाचून मला प्रथम थोडे वाईटच वाटले, कारण मी पदवीसाठीच तर रोज बसने येतो!

कला शाखेच्या वाचकांनी येथेच पान उलटू नये. ज्यांनी बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेतले नाही, त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय नंतर देता येतात व तसे करून अनेक जण वैमानिक झाले आहेत. ही अट मुळातूनच काढावी असा विचार चालू असल्याच्या बातम्या २०२५ साली वृत्तपत्रांत आल्या होत्या. चष्मा असला म्हणून कोणी बाद होत नाही, हेही येथे सांगून ठेवतो. आमच्या बहिणीला चष्मा आहे आणि तिला ती भीती फार होती. रंगांधळेपणा मात्र मोठी अडचण ठरतो.

आता खर्च. भारतात हा परवाना मिळेपर्यंतचे शुल्क संस्थेप्रमाणे साधारण ४० ते ६० लाख रुपये पडते. मी मधला आकडा धरतो, ५० लाख. या रकमेस २०० तासांनी भागले तर तासाला २५ हजार आणि मिनिटाला ४०० हून अधिक रुपये होतात. (त्या शुल्कात जमिनीवरचे वर्गही येतात हे खरे, परंतु शेवटी हाती जे मिळवायचे ते हे तासच.) धावपट्टीभोवती एक फेरा घ्यायला लहान विमानास सहा मिनिटे लागतात असे धरले, तर एका फेऱ्याचे अडीच हजार रुपये झाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा सरकारी हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. हा हिशेब मी बाबूजींना शेतात वाचून दाखविला, तेव्हा वरून नेमके एक विमान वळत होते. त्यांनी वर पाहिले आणि म्हणाले, “म्हंजे एक चक्कर म्हंजे एक क्विंटल धान!” मी वही मिटली. अर्थशास्त्राच्या पुस्तकातील कोणत्याही कोष्टकाने मला जे समजले नसते ते त्या एका वाक्याने समजले.

आमची शेती चार एकर. पाणी नीट झाले तर एकरी सोळा क्विंटल धान होतो, म्हणजे एकूण ६४ क्विंटल. हमीभावाने त्याचे १ लाख ५१ हजार ६१६ रुपये होतात. त्यातून बी, खत, रोवणीची मजुरी, ट्रॅक्टरचे भाडे हे सर्व वजा जाते. आमच्या बाजूला जमिनीचा भाव एकरी बारा लाखांच्या आसपास चालला आहे. म्हणजे चारही एकर विकली तर ४८ लाख येतील. घरदार सांभाळणारी सगळी जमीन, आणि तिच्यातून परवान्याचे शुल्कही पुरते भागत नाही.

आणि परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असेही नाही. लहान विमानावर शिकलेल्यास एअरबस किंवा बोइंग थेट चालविता येत नाही. त्या त्या प्रकारच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यास टाइप रेटिंग म्हणतात आणि त्याचे आणखी १५ ते २० लाख रुपये पडतात. राहणे, जेवण, परीक्षा, तपासण्या यांचे चार-पाच लाख वेगळे. सर्व मिळून बेरीज ७० लाखांपुढे जाते. काही विमान कंपन्यांच्या स्वतःच्या योजना आहेत. त्यांत निवड होऊन शिकल्यास पुढे नोकरीचा मार्ग बराच मोकळा असतो, परंतु तेथला खर्च कोटीच्या घरात जातो. अमेरिका, दक्षिण आफ्रिका अशा देशांत जाऊन शिकणारेही पुष्कळ आहेत. तेथे हवामान व विमानांची उपलब्धता यांमुळे तास लवकर पुरे होतात. मात्र परत आल्यावर येथील परीक्षा देऊन तो परवाना भारतीय करून घ्यावा लागतो. आपल्याकडे दीड-दोन वर्षांचा म्हणून सांगितलेला अभ्यासक्रम कधी पावसामुळे, कधी विमाने वा प्रशिक्षक कमी असल्यामुळे लांबतो. लांबला की खोलीचे भाडे आणि व्याज दोन्ही चालूच राहतात.

व्याजाचे नाव निघाले म्हणून कर्जाकडे वळू. बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत वैमानिक प्रशिक्षण बसते. परंतु साडेसात लाखांवरील कर्जास तारण लागते. मला वाटले होते, जमीन आहेच की! ज्या बँकेत मी चौकशी केली तेथील साहेबांनी सातबारा पाहिलाही नाही. शेतजमीन नको, शहरातील घर वा प्लॉट असेल तर बोला, असे ते म्हणाले. मला प्रथम तो अपमान वाटला. नंतर ग्रंथालयात बसून वाचले तेव्हा कारण कळले. कर्ज थकल्यास न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या ज्या कायद्याने दिला, त्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळली आहे. शेतकऱ्याची जमीन सहजासहजी जाऊ नये म्हणून केलेली ही तरतूद. तीच शेतकऱ्याच्या मुलीला मोठ्या कर्जाच्या दारातून परत फिरविते. कायदा चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. किंबहुना त्या दिवशी सायकलवरून घरी येताना, जमीन कोणी घेऊ शकत नाही याचे मला थोडे बरेच वाटले.

तरीही वादासाठी धरू की कोठून तरी ६० लाखांचे कर्ज मिळाले. व्याज ११ टक्के, मुदत दहा वर्षे. मासिक हप्ता सुमारे ८२ हजार ६५० रुपये येतो आणि दहा वर्षांत एकूण ९९ लाखांच्या वर रक्कम फेडावी लागते. आमच्या चार एकरांचे वर्षाचे सगळे धान विकले तर दोन हप्तेही पुरते होत नाहीत.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग हिशेब संपला, मुलीला बी. एस्सी. करू दे. माझे मामा हेच म्हणतात. पण हे अर्धाच हिशेब पाहणे झाले, कारण जमेची बाजू लहान नाही. मोठ्या विमान कंपनीत नव्या सहवैमानिकास साधारणतः महिना दीड ते अडीच लाख रुपये मिळतात आणि कॅप्टन झाल्यावर पाच लाख वा त्याहूनही अधिक. व्यावसायिक वैमानिकास वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत उड्डाण करता येते. म्हणजे तेविसाव्या वर्षी नोकरी लागली तर पुढे बेचाळीस वर्षे. नवख्या सहवैमानिकाच्या पगारातून कर आणि ८२ हजारांचा हप्ता गेला तरी, आमच्या घरात आजवर कोणी पाहिला नाही एवढा पैसा दरमहा उरेल. आमच्या सरांनी वर्गात ‘संधी खर्च’ शिकविताना सांगितले होते की, एक वाट धरली की सोडलेल्या वाटेवरचे उत्पन्न हाही खर्चच असतो. बहिणीने बी. एस्सी., बी. एड. केले व खासगी शाळेत लागली तर तिला काय मिळेल हे आपण जाणतोच. त्या वाटेवरचे सोडलेले उत्पन्न या हिशेबात फार जड होत नाही. तेव्हा नोकरी मिळाली तर शिक्षणाचा खर्च फिटतो, आणि चांगला फिटतो, याविषयी माझ्या मनात शंका राहिली नाही.

सगळे गाडे अडते ते या ‘तर’ पाशी.

माझ्या एका मित्राच्या नात्यातील एक तरुण परवानाधारक आहे. नागपूरला मी त्यास मुद्दाम जाऊन भेटलो. त्याने २०१९ च्या आरंभी परवाना मिळविला. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची विमाने जमिनीवर आली आणि त्या कंपनीचे अनुभवी वैमानिक बाजारात नोकरी शोधू लागले. जेथे हजारो तास उडालेले लोक रांगेत उभे आहेत तेथे दोनशे तासवाल्यास कोण विचारणार? पुढे मार्च २०२० मध्ये करोनामुळे सर्वच देशांतर्गत प्रवासी विमाने दोन महिने बंद झाली आणि नंतरही धंदा सावरायला काळ गेला. या काळात त्याने काय केले? आधी खासगी शिकवण्या, मग विम्याचे काम. पण परवाना नुसता पेटीत ठेवून चालत नाही. वैद्यकीय तपासणी दरवर्षी, उपकरणांवरून उडण्याची चाचणी दरवर्षी, आणि अलीकडे उड्डाण केल्याची नोंदही हवी. त्यासाठी पुन्हा पैसे देऊन तास विकत घ्यायचे. तो मला म्हणाला, “फी भरताना सगळे सांगतात किती लागतील. वाट पाहायला किती लागतील, ते कोणी सांगत नाही.” आज तो एका विमान कंपनीत आहे. लायसन्स हाती आल्यापासून पहिल्या पगारापर्यंत चार वर्षे गेली. त्याच्या वडिलांची सरकारी नोकरी होती आणि शहरात घर होते, म्हणून ती चार वर्षे निघाली.

त्याच्याकडून परतताना गाडीत मी आकडेमोड केली. ६० लाखांवर ११ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ६ लाख ६० हजार. म्हणजे दिवसाला १,८०० रुपयांहून जास्त. वाट पाहण्याचा एक दिवस पाऊण क्विंटल धानाचा. मला वाटते, या शिक्षणाचा खरा खर्च ५० लाख की ७० लाख हा नसून परवाना आणि पहिला पगार यांमधील दिवसांचा आहे. तो आकडा कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

जेट एअरवेज ही काही एकटीच नव्हे. २०१२ साली किंगफिशर बंद पडली, मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे थांबली. दर चार-दोन वर्षांनी एखादी कंपनी बसते आणि नवख्यांची रांग मागे ढकलली जाते. दुसरीकडे भरभराटीच्या बातम्याही खोट्या नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. येत्या दीड-दोन दशकांत देशाला तीस हजार वैमानिक लागतील, असे केंद्रीय मंत्र्यांनी २०२५ साली सांगितले. या बातम्या वाचून शिकणारेही वाढले : २०२२ साली १,१६५ व्यावसायिक परवाने दिले गेले, २०२३ साली १,६२२. विमाने मात्र एका दिवसात येत नाहीत. मागणी नोंदविली आज, येणार दहा वर्षांत हप्त्याहप्त्याने. परवाना घेतलेला मुलगा उद्यापासूनच नोकरी शोधू लागतो.

यापुढची गोष्ट मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटते. २०२५ च्या डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर प्रवाशांचे हाल झाले, हे सर्वांनी दूरदर्शनवर पाहिले. वैमानिकांना आठवड्यातून ४८ तास सलग विश्रांती द्यावी, रात्रीची अवतरणे कमी करावीत, असे नवे नियम त्या सुमारास पूर्णपणे लागू झाले होते. त्याप्रमाणे वैमानिक कमी पडले. बातमी ऐकून बहीण स्वयंपाकघरातून धावतच आली : “दादा, बघ, पायलट कमी आहेत!” मलाही क्षणभर तसेच वाटले. पुढे वृत्तपत्रांत आकडे आले. कंपनीच्या एअरबस ए-३२० विमानांसाठी २,४२२ कॅप्टन लागत होते आणि होते २,३५७. सहवैमानिक लागत होते २,१५३ आणि होते २,१९४. म्हणजे कॅप्टन ६५ कमी, आणि सहवैमानिक ४१ जास्त!

कॅप्टन होण्यासाठी वरचा परवाना लागतो व त्यास किमान १,५०० तासांचे उड्डाण लागते. कंपन्यांची स्वतःची अट पुष्कळदा याहून मोठी असते. हे तास पैसे भरून शाळेत मिळत नाहीत. सहवैमानिकाच्या खुर्चीत काही वर्षे बसूनच मिळतात. तेव्हा ‘देशात वैमानिकांचा तुटवडा आहे’ हे वाक्य जेव्हा आपण वाचतो, तेव्हा तुटवडा वरच्या पायरीवर असतो आणि गर्दी खालच्या पायरीवर. प्रवेशाच्या जाहिरातीत मात्र पायरी सांगितलेली नसते. धानाचेही असेच आहे. बाजारात तांदूळ महाग झाला म्हणून बांधीवरच्या धानाला भाव येतोच असे नाही. मधे गिरणी असते, गोदाम असते. गोंदियाच्या लोकांना हे समजावून सांगणे नलगे.

पैशांखेरीज आणखी एक खर्च आहे आणि तो मायने सांगितला. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात कोसळले. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी तरुणी, दोघेही गेले. ते विमान त्या दिवशी आमच्या गावावरून गेले असेल की नाही, कोण जाणे. मायच्या मते गेलेच होते. “फीचं मले नको सांगू. ती वरून पडली तं?” या प्रश्नाचे उत्तर माझ्या वहीत नाही. रस्त्यावरच्या अपघातांचे दाखले देऊन मी तिला समजावू पाहिले, पण ते मला स्वतःलाच पटेनात.

मुलगी म्हणून तिला अडवावे काय, या प्रश्नाचा निकाल मात्र इतिहासानेच लावला आहे. सौदामिनी देशमुख या मराठी वैमानिकेने नोव्हेंबर १९८५ मध्ये सहकारी निवेदिता भसीन यांच्यासह इंडियन एअरलाइन्सचे फोकर विमान कलकत्त्याहून सिलचरला नेले. सर्व कर्मचारी महिलाच असलेले ते उड्डाण होते. आज भारतातील महिला वैमानिकांचे प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. मामांना मी हे सांगितले. त्यांचे म्हणणे, त्या मुलींच्या घरी पैसा होता. याला मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. भारतातला पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना मिळाला, त्यांना काही त्यासाठी धानाची बांधी विकावी लागली नव्हती. पुढे फ्लाइंग क्लबांना सरकारी अनुदाने होती, तेव्हा मध्यम घरांतील मुलेही काही प्रमाणात या वाटेने गेली. आता शुल्क ज्याने त्याने भरायचे आहे. आकाश सर्वांचे असते असे निबंधात लिहिणे सोपे. मीही शाळेत असताना लिहिले आहे.

मग माझा निष्कर्ष काय? ज्याच्या घरी तीन-चार वर्षे पगाराविना तग धरण्याची ताकद आहे, त्याच्यासाठी हे शिक्षण खर्चाच्या मानाने योग्यच आहे. ज्याची एकुलती एक जमीन त्यात जाणार आहे, त्याच्यासाठी तेच शिक्षण, तोच परवाना, तोच पगार असूनही ते योग्य नाही. कारण वाट पाहण्याची ऐपत विकून त्याने परवाना घेतलेला असतो. दोघांची हुशारी सारखी असेल. हिशेब सारखा नाही. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

तथापि आमच्यासारख्यांना वाटच नाही असे म्हणता येणार नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत व्यावसायिक वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम पहिल्या गटात धरलेला आहे. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्ग यांतील मुलांसाठी राज्य सरकारच्या महाज्योती या नागपूरच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये निवडक विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण हाती घेतले होते. आम्ही इतर मागासवर्गात मोडतो. जागा मोजक्या असतात, निवड चाळणीतून होते. पण यांत नशिबाबरोबर अभ्यासालाही वाव आहे, आणि आमच्या घरी भांडवल म्हणाल तर तेवढेच आहे.

दुसरी गोष्ट क्रमाची. पुष्कळ जण आधी शुल्काचा पहिला हप्ता भरतात आणि नंतर तपासणी व परीक्षा यांच्या मागे लागतात. एकदा आठ-दहा लाख भरले की, आता मागे कसे फिरायचे, म्हणून पुढचे भरले जातात. अर्थशास्त्रात यास बुडीत खर्चाचा मोह म्हणतात. खरे तर वैद्यकीय तपासणीचा पहिला टप्पा, ज्याला दुसऱ्या वर्गाची तपासणी म्हणतात, तो काही हजारांत होतो. मग त्याहून कडक अशी पहिल्या वर्गाची. ती पार पडली की महासंचालनालयाकडून क्रमांक घेऊन घरी अभ्यास करून लेखी परीक्षा देता येतात. विमानात पाय ठेवण्यापूर्वी एवढे सारे होऊ शकते, आणि त्यात फार तर आमचे एका हंगामाचे धान जाईल. नापास झाली तरी जमीन जागेवर राहील.

हे सर्व मी एके रात्री जेवणानंतर घरात वाचून दाखविले. बाबूजींनी शेवटपर्यंत ऐकले. बहीण रागावली. ती म्हणाली, “दादा, तू बी. ए. करून राहिला, त्याचा कोणी हिशेब मांडला होता का?” माझे वर्षाचे शुल्क काही हजार रुपये आहे, पण ती रकमेविषयी बोलत नव्हती, हे मला कळत होते. मला बाहेर शिकायला पाठविताना कोणी ‘किती मिळते’ असे विचारले नव्हते. मी मुलगा होतो व शुल्क थोडे होते. या दोहोंपैकी कोणते कारण मोठे, ते मी आजही सांगू शकत नाही.

बाबूजींनी दुसऱ्या दिवशी आपला निर्णय सांगितला. जमीन विकायची नाही. बारावीची परीक्षा झाली की तिला नागपूरला नेऊन दुसऱ्या वर्गाची तपासणी करायची. त्यासाठी दोन पोती धान वेगळे काढून ठेवले आहे. त्याबरोबर बी. एस्सी.चा अर्जही भरायचा आणि शिष्यवृत्तीची जाहिरात केव्हा येते यावर लक्ष ठेवायचे. हे शेवटचे काम अर्थातच माझ्याकडे आले आहे. मायने अजून होकार दिलेला नाही. हवामानशास्त्राचे एक जुने पुस्तक मी त्या नागपूरच्या तरुणाकडून मागून आणले होते. ते बहिणीने वरचे वेष्टन लावून आपल्या रसायनशास्त्राच्या वहीखाली ठेवले आहे.